सगळ्या समुद्राने ऐकलं

१४ सप्टेंबर

माझं लग्न आज वायरलेसवर मोडलं.

अजून रडू आलेलं नाही. रडले असते तर बरं झालं असतं, निदान आईने चहा तरी करून दिला असता.

परवा सुट्टी होती, तेव्हा मी बाबांना सांगितलं. सरळ समोर बसून, जेवणं झाल्यावर. मला धीरजशी लग्न करायचंय. बाबा उठताना म्हणाले, "फेरी मारून येतो. मग बोलू." मला वाटलं, चला, नाही तर म्हणाले नाहीत! बोलू म्हणाले! मी मूर्खासारखी खूश होऊन झोपले. काल बोट गेली. बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, बाबा; सोबत माझा भाऊ मितेश आणि चार खलाशी. त्या चारांतलाच एक धीरज. हो, आमच्याच बोटीवरचा. बाबांच्या हाताखाली पाच हंगाम काढलेला, बेटेगावच्या पाड्यावरचा वारली मुलगा. मला काही तो सिनेमात सापडला नाही, धक्क्यावर बर्फाचे खोके उचलताना सापडला.

आज संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती. माळ्यावर वायरलेसचा सेट चालू होता. आमच्या मुरब्यातल्या बऱ्याच घरांत असा सेट आहे — बोट कधी येणार ते कळलं की बाईमाणूस बर्फ सांगते, टेम्पो सांगते. तर सेटवर रामनाथकाकांचा आवाज आला. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. मित्रही आणि एकमेकांच्या जाळ्यावर डोळा ठेवून असणारेही. त्यांनी आधी मासळीचं विचारलं. मग हसतहसत म्हणाले, काय रे वामन, जावई बोटीवरच गावला म्हणतात.

कुणी सांगितलं त्यांना? आमच्या गावात भिंती नुसत्या रंगवायला आहेत.

आणि माझे बाबा, जे मला "मग बोलू" म्हणाले होते, ते माझ्याशी न बोलता अख्ख्या समुद्राशी बोलले.

"कसला जावई! खलाशी हाय तो. कचरा हाय. जाल्यात कचरा आला तर आपन घरी नेतो काय? फेकून देतो."

शब्दन् शब्द हाच. सातपाटीच्या बोटींनी ऐकला, डहाणूच्या बोटींनी ऐकला, धक्क्यावरच्या मच्छीमार सोसायटीच्या सेटवर बसलेल्या रिकामटेकड्यांनी ऐकला. आणि सगळ्यात जवळून कुणी ऐकला? केबिनच्या बाहेर उभा राहून बाबांचंच जाळं ओढणाऱ्या धीरजने!

आईची भाकरी करपली. ती तशीच तव्यावर राहिली आणि आम्ही दोघी माळ्याकडे बघत बसलो.

१५ सप्टेंबर

सकाळी रिक्षात बसले तर रिक्षावाला म्हणतो, "मॅडम, टेन्शन मत लो. पापा लोग गुस्से में कुछ भी बोलते हैं." हा उत्तर प्रदेशातला माणूस. याने समुद्र लांबून पाहिला असेल. पण पहाटे टोपल्या घेऊन बोईसरला जाणाऱ्या आमच्या बायका याच्याच रिक्षातून जातात ना! कंपनीत लॅबमध्ये पोचेपर्यंत मला कुणाच्या डोळ्यांत बघवेना.

आई बाजारातून आली ती टोपली आपटूनच. शेजारी टोपली मांडणाऱ्या साखरबाईने म्हणे गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं, पोरीला कचऱ्यात टाकली का बाहेर ठेवली?

माझ्या डोक्यात दिवसभर एक आशा वळवळत होती. लिहूनच टाकते. वायरलेसवर कुणी खरं बोलत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जाळं पापलेटाने भरलं असेल तरी तांडेल रडक्या आवाजात सांगणार, काय नाय रे, कचरा हाय. खरं सांगितलं तर तासाभरात दहा बोटी येऊन शेजारी जाळी टाकतील. म्हणून बाबा "कचरा हाय" म्हणाले की आई हळूच बर्फवाल्याला फोन करून दुप्पट बर्फ सांगते. मी लहानपणापासून बघत आलेय. मग म्हटलं, बाबा धीरजला कचरा म्हणाले, त्याचाही अर्थ तसाच असेल तर?

आईला विचारलं. तिने माझ्याकडे असं काही दया केल्यासारखं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

"नाय गो," म्हणाली. "मासलीचा आवाज येगला असतो. काल तो खरा बोलला."

१८ सप्टेंबर

बोट आली. पापलेट भरपूर. बाबा खुशीत. धक्क्यावरून घरी येताना गुणगुणत होते!

मी धक्क्यावर गेले होते. धीरजने खोके उतरवले, बर्फ मारला, केसांना पाणी लावून मागे सारले — हे तो जग बुडालं तरी करणार — आणि माझ्याकडे न बघता पाड्यावर निघून गेला. एकदाही बघितलं नाही. मी काय केलं होतं?

मितेशकडून मग कळलं. बाबा वायरलेसवर बोलले तेव्हा धीरजचे हात थांबले नाहीत. जाळं पूर्ण ओढलं, मासळी निवडली. मग जेवायची वेळ झाली. आमच्या बोटीवर एकच मोठी परात असते. भात मध्ये, कालवण वर, आणि तांडेलापासून नव्या खलाश्यापर्यंत सगळे तिच्याभोवती बसून एकत्र जेवतात. ही बाबांची पद्धत. दुसऱ्या बोटींवर तांडेल वेगळा बसतो, बाबांना ते आवडत नाही. गावात चार लोकांत ते अभिमानाने सांगतात, माझ्या बोटीवर ताटं वेगळी नाहीत. तर त्या दिवशी धीरजने आपला भात एका वाडग्यात काढून घेतला आणि नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून जेवला. बाबांनी हाक मारली. तो म्हणाला, बरा हाय इथं. फेरी संपेपर्यंत तो तिथेच जेवला.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्ही मग बोलू म्हणाला होता. ते म्हणाले, बोललो की. मी म्हटलं, कुणाशी? ते म्हणाले, रामनाथने चिडवलं, तोंडातून गेलं, एवढं काय त्यात. आणि मग सुरू झाले. आपल्या जातीत पोरं काय मेली? मी बी.एस्सी. झाले, मला कंपनीतला मिळेल, कोस्टगार्डमधला मिळेल. खलाशीच करायचा होता तर शिकवली कशाला. मी म्हटलं, तुम्हीच सांगत असता ना, धीरज मला पोरासारखा आहे? ते म्हणाले, "पोरासारखा हायच. म्हनून काय जावई करू?"

समुद्रात एका परातीत हात घालता, वादळ आलं तर त्याच्या भरवशावर सुकाणू सोडून झोपता, आणि जमिनीवर पाय टेकला की तो खलाशी!

खरं नाटक पुढे झालं. आई इतका वेळ तांदूळ निवडत होती. मला वाटलं बाबांच्या बाजूने आहे, आणि होतीच. तिला धीरज पसंत नाहीच. पण ती उठली आणि बाबांना म्हणाली, "पान्यावर तुमचा शबूद, किनाऱ्यावर माजा. लगीन पान्यावर होतं काय? मला इचारलं काय?"

लग्न झाल्यापासूनचा त्यांचा करार आहे हा. बोट, जाळं, खलाशी बाबांचे. विक्री, घर, सोयरीक आईची. बाबा तिच्या हद्दीत घुसले होते. तिला माझ्या दुःखापेक्षा त्याचाच राग जास्त होता. मला तोही राग चालला. आज कुठलाही चालेल.

१९ सप्टेंबर

उमरोळी स्टेशनच्या बाकावर धीरज भेटला. तिथे आम्ही नेहमी भेटतो कारण तिथे ओळखीचं कुणी उतरत नाही.

मी जाताच भांडायला लागले. तू काहीच का नाही बोललास? तोंड नव्हतं? तो म्हणाला, हातात जाळं होतं. मी म्हटलं, जाळं सोडायचं! तर माझ्याकडे असा बघतो जणू मी लेकरू फेकून दे म्हणाले. जाळं कसं सोडायचं, म्हणतो. तांडेलाचं जाळं.

तांडेल! अजूनही तांडेल! मी म्हटलं, ते तुला कचरा म्हणाले आणि तू त्यांचं जाळं जपतोस? तो म्हणाला, बोट सोडली. रामनाथच्या बोटीवर जातोय, उद्यापासून.

म्हणजे ज्याने काडी टाकली त्याच्याच बोटीवर! रामनाथकाकांनी म्हणे स्वतः फोन करून बोलावलं. असा खलाशी मोकळा झाला तर कोण सोडेल.

मी म्हटलं, मग आपण कोर्टात लग्न करू. पालघरला जाऊ, नोटीस देऊ, महिन्याने सह्या करू. मला वाटलं हा उडी मारेल. हा म्हणतो, नाही. आईला विचारल्याशिवाय नाही. आणि आई नाही म्हणतेय.

कुणाची आई? त्याची!

नाही म्हणतेय म्हणजे? मला?

२६ सप्टेंबर

बेटेगावला जाऊन आले. एकटी गेले. धीरज समुद्रावर आहे. त्याची आई जमुनाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. मला ओळखलं. बस म्हणाली, पाणी दिलं, आणि वालाचं सूप माझ्याकडेही सरकवलं. मी सोलायला लागले.

मला अजून विश्वास बसत नाहीये की मी नापसंत आहे. मी! लॅबमध्ये माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही! तिने विचारलं, भात लावता येतो काय. नाही. गवत कापता येतं काय. नाही. मग मी आमच्या पाड्यात बसून काय करणार, मासे विकणार? मी म्हटलं, नोकरी आहे मला. ती म्हणाली, ती हाय, पन घर नोकरीने नाय चालत. हे सगळं अगदी शांतपणे. माझे कान तापले. आमच्या घरात हीच यादी उलट बाजूने वाचतात आणि मी तेव्हा केवढी तत्त्वाची भाषणं करते. इथे मी खाली मान घालून वाल सोलले.

मग ती खरं बोलली. तिचा नवराही बोटीवर जायचा. तेव्हाचे तांडेल वरून वाढायचे, भांडं लांब ठेवायला लावायचे. धीरज पहिल्यांदा आमच्या बोटीवरून घरी आला तेव्हा त्याने सांगितलं, आये, तिथं सगळे एकाच परातीत जेवतात. ती म्हणाली की त्या दिवशी तिने आमच्या बाबांसाठी देवाजवळ नारळ ठेवला होता.

"त्याच मानसाने माजे पोराला कचरा बोलला. डानूपर्यंत आयकला. पाड्यातले पोरा बोटीवर हायत, त्यांनी पन आयकला. आता तू माजे घरात येशील नि लोका बोलतील, कचऱ्याची बायको."

मी म्हटलं, बाबांना घेऊन येते, माफी मागायला लावते. मला ते कसं जमणार होतं देव जाणे, पण बोलून गेले.

ती म्हणाली, "घरी येऊन कानात बोलेल, ते नको. जितं फेकला तितूनच उचलावा. समुद्राने आयकला ना, मग समुद्रानेच आयकला पायजे."

आणि दिवाळी झाली की धीरजसाठी दुसरी मुलगी बघायला जाणार आहेत. मनोरकडची आहे. भात लावता येतो तिला.

निघताना तिने सोललेले वाल माझ्या पिशवीत घातले. हेही मला सहन झालं नाही. नापसंत करायचं तर धड नापसंत करा ना!

२ ऑक्टोबर

दसरा. बोटीच्या पूजेला झेंडूचा हार मीच केला. बाबांशी बोलले नाही. ते "हार छान झालाय" म्हणाले, तेव्हा मी हाराकडे बघितलं.

३ ऑक्टोबर

जमुनाबाईचं म्हणणं आईच्या कानावर घातलं. आईने बाबांच्या. बाबा आधी हसले. मग म्हणाले, एवढंच ना? बोलतो की वायरलेसवर. त्यात काय. आई म्हणाली, म्हणजे पोरगा पसंत? बाबा म्हणाले, पसंत नाय, पन शब्द मागे घेतो. तेवढ्याने पोरीचं तोंड उघडेल.

तेवढ्याने! पण म्हटलं, एक पाऊल तरी.

७ ऑक्टोबर

असं वाटतंय की सेट माळ्यावरून उचलून खाडीत टाकावा.

बाबा बोलले. ठरल्याप्रमाणे. रामनाथकाकांना हाक मारली, मासळीचं झालं, आणि मग खाकरून म्हणाले, तो धीरज, पोरगा बरा हाय हा. चांगला पोरगा हाय.

आणि मग जो हशा सुरू झाला! एकेक बोट हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, वामन, तुझ्या जाळ्यात पन आज काय नाय ना? दुसरा म्हणाला, बरा हाय म्हणतो म्हणजे फेकलाच समज. रामनाथकाका तर खोकेपर्यंत हसले. आणि धीरज त्यांच्याच बोटीवर, त्यांच्याच केबिनबाहेर.

बाबाही शेवटी हसले! सवयीने! मी ऐकलं ते.

साखरबाई आईला म्हणाली, चला, आता नक्की झालं म्हणायचं, मोडलं ते.

८ ऑक्टोबर

शिव्या दिल्या तेव्हा सगळ्यांनी खऱ्या मानल्या. चांगलं बोलले तर खोटं. हा कुठला न्याय?

११ ऑक्टोबर

आईने सेट बंद केला. वायरच काढली आणि गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवली. बाबा संध्याकाळी "घर, घर" अशी हाक मारतात, घरात लग्नकार्य असो की मयत, आईने उत्तर दिलं नाही असं कधी झालेलं नाही. मी विचारलं, बर्फाचं कसं कळणार? ती म्हणाली, नाय कळलं तर नाय कळलं.

मी म्हटलं, तुला तर धीरज पसंत नाही.

"नायच हाय," ती म्हणाली. "पन साखरबाईपुढं मला तोंड दाखवायला जागा नाय ठेवली, ती तुज्या धीरजने नाय, माज्या नवऱ्याने."

आणि मग काही वेळाने, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता विचारलं, जमुनाबाईने वाल दिले ते कसे होते, कडू निघाले नाहीत ना? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, हम्म.

१६ ऑक्टोबर

बोट बर्फाविना लागली. टेम्पो नव्हता. अर्धी मासळी पडत्या भावात गेली. बाबा घरी येऊन हातपाय धुऊन बसले. मला वाटलं भांडण होईल, मी तयारीत होते. आठवडाभर मनात जमवलेली सगळी वाक्यं वाया गेली.

रात्रीचं जेवण बाबांनी अर्धवट टाकलं. आईने विचारलं तर म्हणाले, जेवण जात नाही हल्ली.

का जात नाही ते मितेशने सांगितलं. धीरज गेल्यावर बाकीचे तिघं खलाशी राहिले — आगाऊ उचल घेतल्यामुळे हंगाम संपेपर्यंत ते सोडून जाणार नाहीत, कामातही काही कमी नाही. पण जेवणाच्या वेळी तिघंही आपापल्या वाडग्यात भात काढून घेतात आणि नाळीवर जाऊन बसतात. तिघंही धीरजच्याच बाजूच्या पाड्यांवरचे. नवीन घेतलेला चौथाही त्यांचं बघून तिकडेच गेला. आणि या फेरीत मितेश पण वाडगा घेऊन उठला.

"मग बाबा?" मी विचारलं.

मितेश म्हणाला, "परातीत एकटे जेवतात. मधोमध भात, आणि एकटेच."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. बराच झाला, खोटं कशाला लिहू. पण मग डोळ्यांसमोर ती परात यायला लागली आणि मला बाबांचाच राग आला, की असं करून घेतलंत कशाला स्वतःचं.

२२ ऑक्टोबर

पाडवा. बोटी धक्क्यावर. धीरजचा एक निरोप फोनवर, फक्त "शुभ दीपावली" आणि पणतीचं चित्र. हे चित्र त्याने कंपनीच्या ग्रुपवर टाकतात तसं सगळ्यांना टाकलं असणार. मी उत्तर दिलं नाही. मग दिलं. मनोरला कधी जाताय, विचारलं. तो म्हणाला, आई म्हणते पुढच्या महिन्यात, पंधरा तारखेला. मी विचारलं, आणि तू काय म्हणतोस? तो म्हणाला, मी काय म्हणू, तुला माहीत आहे मी काय म्हणतो, पण आईचं चुकत नाही.

आईचं चुकत नाही! सगळ्यांचं बरोबर आहे. मीच तेवढी चुकीची, फराळाचे डबे भरत बसलेली.

२९ ऑक्टोबर

बाबा आज माळ्यावर चढले होते. सेटची वायर शोधत. आईने पिठाच्या डब्यामागून काढून दिली नाही, पण तिकडे बोट दाखवलं. बाबांनी वायर जोडली, दिवा लागतो का बघितलं, आणि तिथेच खाली मांडी घालून बसले.

म्हणाले, सेट का बंद ठेवतेस?

आई म्हणाली, "काय आयकायचं? तितं कोन खरं बोलतं?"

बाबा सेटवरची धूळ पुसत बसून होते. मी आत होते, मला दिसत होते. एरवी ते बसत नाहीत. त्यांची नजर आज पहिल्यांदा म्हाताऱ्यासारखी वाटली आणि मला ते बिलकूल आवडलं नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "रामनाथ त्याला कुठं जेवायला बसवतो, म्हाईत हाय काय?"

आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वेगळा. तिकडे तांडेल केबिनमध्ये जेवतो आणि खलाशी बाहेर. मी दारात येऊन सांगितलं. महिन्याभरात बाबांशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हेच.

ते उठले आणि धक्क्यावर गेले.

३ नोव्हेंबर

बोट गेली. जाताना बाबा दारातून आईला म्हणाले, या फेरीत सेट बंद करू नको.

७ नोव्हेंबर

आज कंपनीला सुट्टी. सकाळीच सेटवर बाबांचा आवाज आला. रामनाथकाकांना हाक मारली आणि जीपीएसचे आकडे सांगितले. सावकाश, दोनदा. म्हणाले, "सरंगा हाय, मोठा. माजं एक जालं भरलं, अजून लई हाय. या सगली." मोठं पापलेट, आणि तेही वायरलेसवर! सगळे हसले. बाबा हसले नाहीत. पुन्हा आकडे सांगितले. पुन्हा. आई सेटसमोर येऊन बसली, हाताला पीठ तसंच. जागा अशी कुणी सांगत नाही, आपल्या सख्ख्या भावालाही नाही. शेवटी रामनाथकाका म्हणाले, येतो, पण खोटं निघालं तर डिझेल तुझ्याकडून घेईन. मग एकेक बोट वळली.

दिवसभर सेट शांत. कुणी बोलायला रिकामं नव्हतं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "मासली गावली? खरं बोललो ना मी? मग आता हे पन खरं हाय. धीरजला मी कचरा बोललो, ते चुकलं. माजी भाविका त्याला देतो. जमुनाबाय हो बोलली तर." आणि जरा थांबून, "चंद्रकांता, बर्फ सांगू नको. एका जाल्यापुरता बर्फ बोटीवर हाय, बाकीची मासली सगल्यांनी नेली."

कुणी हसलं नाही.

मग खरखर झाली आणि धीरजचा आवाज आला. खलाश्याच्या हातात कुणी माईक देत नाही. रामनाथकाकांनी दिला असणार. तो कचरा म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "तांडेल, मासली हाय."

आईने हाताला लागलेलं संध्याकाळच्या भाकरीचं पीठ पदराला पुसलं आणि बर्फवाल्याला फोन लावला. धीरज आहे त्या रामनाथकाकांच्या बोटीसाठी.